गुरांच्या स्वभावाचे गुण आणि गुण देणारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीविषयक पुरवणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या स्वभावावर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. शांत स्वभावाची गुरे चांगली वाढतात, ती हाताळताना माणसे कमी जखमी होतात आणि म्हणून तिकडचे पैदासकार वळू निवडताना वजनाबरोबर स्वभावाचे गुणही पाहतात, ही माहिती त्यात चांगली दिली होती. मात्र त्याच लेखात 'वशिंडाची गुरे मुळातच तापट असतात, हे तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांवरून सिद्ध झाले आहे' असे एक वाक्य सहज येऊन गेले. ते गुण कोणी दिले आणि देताना त्याला त्या जनावराविषयी आधीच काय काय ठाऊक होते, याविषयी लेखात चकार शब्द नव्हता. सारी मेख तेथेच आहे, म्हणून हे पत्र.

तिकडची रूढ पद्धत थोडक्यात अशी आहे. जनावर अरुंद गल्लीतून लोखंडी खोड्यात घेतले जाते, मानेशी दांडे आवळले जातात आणि बाजूला उभा असलेला माणूस काही सेकंद त्याच्याकडे पाहून १ ते ५ यांपैकी एक आकडा वहीत लिहितो. स्तब्ध उभे राहिले तर १, सारखे हलत खोडा खडखडवत राहिले तर ३, अंग झोकून देऊन सुटण्याची धडपड केली तर ५. गुरांच्या एकेका जातीसाठी पैदासकारांनी काढलेल्या काही संघटनांच्या पट्टीत ६ पायऱ्या असतात, एवढाच फरक. हे आकडे निरर्थक आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. कोलोरॅडोच्या पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, खोड्यात धुमाकूळ घालणारी काही जनावरे महिन्या-महिन्याच्या अंतराने पुन्हा तपासली तरी तशीच वागतात. त्यांच्याच गटाच्या १९९७ मधील अभ्यासात शांत जनावरांची रोजची वजनवाढ बिथरणाऱ्या जनावरांपेक्षा अधिक आढळली. खोड्यावरून उडी मारू पाहणारे जनावर कोणालाही ओळखता येते; त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही आणि पूर्वग्रहालाही तेथे फारसा वाव नाही. घोळ होतो तो २ आणि ३ यांच्यामध्ये. शेपटीचा फटकारा अस्वस्थपणाचा की माशीमुळे मारलेला, फुसकारणे रागाचे की नाकात धूळ गेल्याचे, मागचा पाय उचलला तो लाथ मारण्यासाठी की केवळ भार बदलण्यासाठी, याचा निवाडा पाहणारा एका क्षणात करतो, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांना त्याची समजूत मदत करत असते.

ही समजूत किती मदत करते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण २०१४ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांनी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गुरांचे चित्रीकरण दाखवून जनावरांना किती धाप लागली आहे याचे गुण द्यायला सांगितले. तेच चित्रीकरण ओळखू येणार नाही इतपत फेरफार करून पुन्हा दाखवले आणि त्या वेळी हवेचे तापमान ५ अंशांनी अधिक होते असे सांगितले. गुरे तीच आणि श्वासही तेच, पण उष्मा अधिक असल्याचे कानावर पडताच धापेचे गुण वाढले. याच अभ्यासात कोंबड्या सेंद्रिय पद्धतीने पाळल्या आहेत असे सांगितल्यावर त्या अधिक समाधानी दिसल्या. डुकरे गुण्यागोविंदाने राहण्यासाठी निवडलेल्या वंशाची आहेत असे सांगितल्यावर त्यांच्यात भांडणांच्या मानाने सलोखा अधिक दिसला. या विद्यार्थ्यांचे पैसे कोणत्याही निकालात गुंतलेले नव्हते आणि त्यांना कोणाची बाजूही घ्यायची नव्हती. शिवाय धाप ही तोंड उघडे आहे का, जीभ बाहेर आहे का, लाळ गळते का, अशा दिसणाऱ्या खुणांवरून ठरवायची गोष्ट आहे. तीही ऐकलेल्या एका वाक्याने सरकत असेल, तर 'तापट' आणि 'गरीब' हे गुण किती सरकत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता वशिंडाकडे वळतो, कारण लेखातील ते वाक्य त्याविषयी होते आणि त्याचा आपल्या मुलखाशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील ज्या 'ब्राह्मन' जातीवर तापटपणाचा शिक्का बसला आहे, ती गीर, कांकरेज, नेल्लोरकडील ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची गुरे यांच्या रक्तातून तयार झाली. यांपैकी कृष्णाकाठची जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली आणि दक्षिण महाराष्ट्रातील इतर संस्थानिकांच्या उत्तेजनाने काळ्या जमिनीत जड कामासाठी घडवली गेली. ऑस्ट्रेलियाने १९३३ मध्ये अमेरिकेतून ब्राह्मन गुरे नेली ती गोचीड आणि उष्णतेपुढे टिकाव धरणारी म्हणून. उत्तर क्वीन्सलँडच्या अफाट कुरणांवर ही गुरे वर्षातून एक-दोनदाच माणूस पाहतात, आणि तो माणूसही बहुधा घोड्यावर, मोटरसायकलवर नाही तर हेलिकॉप्टरमध्ये बसून त्यांना हाकत असतो. दक्षिणेकडील थंड मुलखात मात्र बिनवशिंडाची अँगस किंवा हियरफर्ड गुरे लहान कुरणांत, माणसाच्या रोजच्या सहवासात वाढलेली असतात. या दोन कळपांचे गुण शेजारी ठेवले, तर रक्ताचा फरक किती आणि संगोपनाचा किती हे कळणार नाही. त्यातून गुण देणाऱ्याला वशिंड आणि गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी लांबूनच दिसत असते. कानावरचा बिल्ला झाकता येतो, वळूचे नाव लपवता येते. वशिंड कसे लपवणार? एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वाढवलेल्या गुरांतही जातीजातींत फरक आढळल्याचे अभ्यास आहेत आणि ते मी नाकारत नाही. पण तो फरक जितका खरा आहे तितकाच मोजला गेला की त्यात पाहणाऱ्याच्या अपेक्षेची भर पडली, हे नुसत्या नजरेने दिलेल्या गुणांवरून सांगता येत नाही.

येथवरचा पूर्वग्रह नजरेचा झाला. त्याहून अवघड पूर्वग्रह हाताचा असतो आणि त्याची चर्चा फारच कमी होते. कोणत्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील खोड्याजवळ तासभर उभे राहिले तरी तो पाहायला मिळतो. मालकाने बैल आणला आणि लांबूनच 'डॉक्टर, जरा दमानं, लय मारका हाय' असे सांगितले की भोवतालची माणसे दोन्ही बाजूंना पांगतात. कोणी वेसणीला हात घालतो, कोणी कासऱ्याला खांबाभोवती दोन वेढे जास्त देतो, कोणी गरज नसताना काठी उचलतो आणि चौघे एकाच वेळी ओरडू लागतात. वेसण ताणल्यामुळे बैलाची मान वर होते, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, तो मागे रेटा देतो आणि मालक समाधानाने म्हणतो, 'बघा, म्हणलं नव्हतं?' तोच बैल घरच्या पोराने एकट्याने, त्याच्याशी बोलत आणून उभा केला, तर पुष्कळदा सुई टोचेपर्यंत कान हलवण्यापलीकडे काही करत नाही. आता पहिल्या प्रसंगी कोणी वहीत ४ हा आकडा लिहिला, तर तो खोटा म्हणता येणार नाही. बैल खरोखरच तसा वागला. पण तो आकडा बैलाच्या स्वभावाचा आहे की भोवतालच्या माणसांच्या धास्तीचा, हे त्या वहीवरून कळत नाही.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला उंदरांचा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. विद्यार्थ्यांना सर्वसाधारण उंदीर दिले. काहींना ते चक्रव्यूहात हुशार ठरलेल्या वंशाचे आहेत असे सांगितले आणि काहींना मठ्ठ वंशाचे आहेत असे सांगितले. 'हुशार' उंदरांनी खरोखरच सरस कामगिरी केली. ज्यांना आपले उंदीर हुशार वाटत होते, त्यांनी ते अधिक वेळा आणि अधिक हळुवारपणे हाताळल्याचे स्वतःच सांगितले. उंदराला जे लागू ते सहाशे किलोच्या वळूला अधिकच लागू, कारण गुरांना माणूस किती जवळ आला, कोणत्या बाजूने आला आणि किती वेगाने आला याचे भान फार तीक्ष्ण असते. ठरावीक अंतराच्या आत माणूस शिरला की जनावर हलते. आणि ज्याला 'हे जनावर हलणारच' अशी खात्री असते तो घाईने आत शिरतो.

नजरेच्या पूर्वग्रहावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियातील हेदर बरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधी युक्ती मांडली. खोड्याचे दार उघडल्यावर जनावर सुमारे १.७ मीटर अंतर किती वेळात कापते, हे दोन प्रकाशकिरणांच्या मदतीने आपोआप मोजायचे. बुजलेले जनावर झटकन निसटते, शांत जनावर चालत बाहेर येते. प्रकाशकिरणाला वशिंड दिसत नाही, बापाचे नाव ठाऊक नसते आणि मागच्या महिन्याचे गुणही आठवत नाहीत. कॅनडातील सस्कॅचवानमध्ये १९९४ च्या सुमारास खोड्यालाच उपकरण जोडून जनावराची हालचाल मोजण्याचा प्रयत्न झाला, तोही याच दिशेने. ही साधने मोलाची आहेत, पण ती वापरली की प्रश्न मिटला, ही समजूत मात्र चुकीची आहे. प्रकाशकिरण फक्त शेवटचे दीड-दोन मीटर पाहतो. त्याआधी गल्लीत विजेचा झटका किती जनावरांना दिला गेला, दार कोणी किती जोरात आपटले, आधीचे जनावर हंबरत गेले का, हे सारे त्या वेळेत मिसळलेले असते. लंगडणारे जनावर सावकाश बाहेर पडून शांत ठरते, ते वेगळेच. म्हणून यंत्राच्या आकड्याबरोबर हाताळणी कोणी केली आणि त्याला काय सांगितले होते, हेही नोंदवायला हवे.

तिकडच्या पैदासकारांनी आणखी एक बंदोबस्त केला आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. स्वभावाचे गुण थेट न वापरता एकाच वयाच्या, एकाच कुरणावर वाढलेल्या आणि एकाच दिवशी तपासलेल्या गटातल्या गटात तुलना केली जाते. त्यामुळे एखादा निरीक्षक सगळ्यांनाच कडक गुण देत असेल, तर त्याचा कडकपणा आपोआप वजा होतो. उत्तर अमेरिकेतील लिमोझाँ जातीच्या संघटनेने नव्वदच्या दशकापासून या पद्धतीने स्वभावाची नोंद ठेवली. बिथरणारी म्हणून बदनाम झालेली ती जात त्या नोंदीच्या जोरावर बरीच निवळली, हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु ही युक्ती सर्वांवर सारख्या असलेल्या कडकपणापुरतीच चालते. गुण देणारा बहुधा स्वतः मालक असतो. कोणते वासरू कोणत्या वळूचे हे त्याला ठाऊक असते, आणि एखाद्या वळूवर त्याने बरेच पैसे घातलेले असतात. त्या वळूच्या वासरांना अर्धी पायरी झुकते माप मिळाले, तर गटातली तुलना ते पकडू शकत नाही, उलट वळूच्या पैदास-मूल्यात, म्हणजे त्याच्या संततीत काय उतरेल याच्या अंदाजात, तेच झुकते माप अनुवंशिक गुण म्हणून जमा होते.

'दोन निरीक्षकांचे गुण जुळले, म्हणून ते विश्वसनीय' हा युक्तिवादही नेहमी केला जातो आणि आपल्या लेखातही तो होता. दोघांचे जुळले याचा अर्थ दोघे पट्टी सारखी वापरतात, इतकाच. दोघांचीही 'वशिंडाचे जनावर तापटच' अशी समजूत असेल, तर ते दोघे मिळून चुकतील आणि त्यांचे एकमत उत्तम भरेल. एकमत मोजणे सोपे असते, म्हणून ते सगळे मोजतात. निरीक्षकाला काय ठाऊक होते हे लिहिण्याची तसदी मात्र थोडेच घेतात. प्राण्यांच्या वर्तनावरील पाच अग्रगण्य नियतकालिकांतील शोधनिबंधांची २०१२ मध्ये पाहणी झाली, तेव्हा निरीक्षकाचा पूर्वग्रह टाळण्यासाठी काय केले याचा उल्लेख दहा टक्क्यांहूनही कमी निबंधांत सापडला. बाकीच्यांनी काळजी घेतली नसेलच असे नाही, पण वाचणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

याचा अर्थ अनुभवी नजर टाकाऊ आहे, असा कोणी काढू नये. एडिनबराच्या प्राणिवर्तन-संशोधक फ्रान्स्वाज वेमेल्सफेल्डर अनेक वर्षे सांगत आल्या आहेत की, जनावराच्या एकूण देहबोलीत जे दिसते ते सुट्या हालचाली मोजून हाती लागत नाही. त्यांच्या गटाने २००९ मध्ये तीच डुकरे बंदिस्त आणि मोकळ्या अशा दोन पार्श्वभूमींवर दाखवून तपासणी केली. पार्श्वभूमीमुळे गुण काहीसे सरकले, पण डुकरांचा आपसांतला क्रम बऱ्याच अंशी टिकून राहिला. स्वतःच्या पद्धतीची अशी परीक्षा घेणारे संशोधक मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

हा सगळा प्रश्न परदेशी आहे, आपल्याला त्याचे काय, असे काही वाचक म्हणतील. आपल्याकडे मांसासाठी गोवंश पाळला जात नाही आणि २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे, हे खरे. पण स्वभाव पाहून जनावराची किंमत ठरवणे खरसुंडी आणि पुसेगावच्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या चालू आहे. दातावरून वय ठरवण्याची गोष्ट वेगळी. आदत (पक्के दात न आलेला), चौसा (चार पक्क्या दातांचा) की जुळलेला (सर्व पक्के दात आलेला) हे तोंड उघडले की कळते आणि तेथे मताला जागा नसते. स्वभाव मात्र गिऱ्हाईक खिल्लाराच्या बाकदार शिंगांवरून, डोळ्यावरून, कपाळावरच्या केसांच्या भोवऱ्यावरून आणि अंगावरच्या केसांच्या गोमेवरून आधी ठरवतो आणि मग बैल चालवून पाहतो. योगायोग असा की, ग्रँडिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कपाळावरील भोवऱ्याचाच अभ्यास प्रसिद्ध केला, आणि डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली गुरे खोड्यात अधिक अस्वस्थ होतात असे त्यात म्हटले. आपले जुने लोक बरोबर होते, असे म्हणून हा निष्कर्ष येथे मिरवण्याचा मोह होईल. ज्यांना तो आपल्या गुरांवर पडताळायचा असेल त्यांनी एवढे जरूर करावे की भोवरा एकाने नोंदवावा आणि वर्तन दुसऱ्याने, आणि दुसऱ्याने जनावर मागून किंवा बाजूने पाहावे, म्हणजे कपाळ त्याच्या दृष्टीस पडणार नाही. भोवरा पाहूनच ज्याचे मत तयार झाले आहे, त्याने त्याच जनावराच्या वागण्याला दिलेले गुण कशाचाच पुरावा होत नाहीत. बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जी चाल आहे, तिच्यामागे हेडी लोकांचे, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांचे, हेतू काहीही असोत, पण पहिल्याने काय बोली केली हे दुसऱ्याला कळत नसल्यामुळे प्रत्येकाचा अंदाज स्वतःचा राहतो. स्वभावाच्या गुणांची वही अशीच एकमेकांपासून झाकलेली असावी.

संपादक महोदय, माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. यापुढे आपल्या पुरवणीत एखादी जात किंवा एखादा वंश तापट वा गरीब असल्याचे छापले जाईल, तेव्हा गुण कोणी दिले, त्याला जात, वळू, आधीचे गुण यांपैकी काय ठाऊक होते आणि जनावर कोणी हाताळले, हे तीन तपशील लेखकाकडून मागून घ्यावेत. दुसरी विनंती नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना आपल्यामार्फत पोहोचावी. बेल्जियममधील प्रयोग येथे करून पाहणे कठीण नाही. खोड्यात उभ्या असलेल्या काही बैलांचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, तेच चित्र डावे-उजवे उलटवून दुसरी प्रत करावी आणि दोन्ही प्रती इतर चित्रांत मिसळून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दाखवाव्यात. एका प्रतीवर 'या बैलाने माणसाला मारले आहे' आणि दुसरीवर 'हा बैल घरातील मुले सांभाळतात' असे लिहावे, आणि कोणती ओळ कोणत्या प्रतीवर हे चिठ्ठी टाकून ठरवावे. विद्यार्थ्यांनी आपले गुण एकमेकांना न दाखवता बंद पाकिटात द्यावेत आणि पाकिटे उघडल्यावर जो काही फरक निघेल तो, अगदी शून्य निघाला तरी, आपल्या पुरवणीत छापला जावा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
जि. सांगली